पुतळीच्या परसात इंजन

"एवढा वळसा कशाला घालतोस रे? वालाचा मांडव मोडशील माजा!"

पुतळी दारातून ओरडली तसा देवराम दचकला. त्यानं चाक गर्रकन फिरवून इंजन मांडवाच्या वीतभर अंतरावरून काढलं. दुसरा कुणी असता तर चार हात मागं घेऊन सरळ वळला असता. पण मागं घ्यायच्या दांडीकडे देवरामचा हातच जात नव्हता.

जव्हारच्या एका सरदाराच्या बागेत हे नांगरटीचं छोटं इंजन येऊन दोन वर्षं झाली होती. नांगर जोडा, कुळव जोडा, सरी पाडायचा फाळ जोडा, बैलांना लाजवील असं काम करायचं. चालवायचा देवराम. अवजारं जोडायचा-सोडायचा जामसरचा नवशा, पुतळीचा एकुलता एक. दोघं एकाच वयाचे, एकाच ताटात जेवणारे. "माज्या आयसच्या परसात एकदा इंजन घालायचं हां," हे नवशाचं उठता-बसता चालायचं.

गेल्या आठवड्यात, सोमवारी, नवशा कुळव जोडायला वाकला होता. देवरामनं मागं न बघता इंजन मागं घेतलं. मागं दगडी भिंत होती.

बागेत तेव्हा तिसरं कुणी नव्हतं. नवशाचा पाय घसरला, असं देवरामनं सांगितलं आणि ते सगळ्यांना पटलं. दिवस मावळायच्या आत तिथंच त्याला माती देऊन सगळं उरकलं. आईला कळवायचं काम मालकांनी देवरामवरच सोपवलं आणि तो रोज उद्यावर ढकलत राहिला.

मग जामसरचा फागू बाजाराला आला तेव्हा निरोप देऊन गेला. "नवशाच्या आयसनं इंजन बोलावलंय. शुक्रवारीच ये, दुसरा दिवस नको."

म्हणजे म्हातारीला अजून काहीच ठाऊक नाही! आता तोंड लपवून भागणार नव्हतं. मालकांची परवानगी काढून, अवजारं इंजनामागच्या गाडीत टाकून तो निघाला. वाटभर त्यानं शब्द जुळवले. आणि पुतळी समोर येताच बोलून गेला भलतंच.

"नवशाला मालकांनी मुंबईला धाडलंय, मावशी. इंजनाचे सुटे भाग आणायला."

"बरं," पुतळी म्हणाली. "तू आलास ना? झालं तर."

थू तुझ्या जिनगानीवर, असं स्वतःला म्हणत देवरामनं इंजन सुरू केलं.

परस होतं केवढं? दहा-बारा वाफ्यांचं. पण सगळा पाडा बघायला लोटला होता. कुंपणाकडेला बायका बसल्या होत्या, पुरुष बसले होते. कुणी हसत नव्हतं, कुणी पोर इंजनामागं धावत नव्हतं. बिचकलेत बिचारे, देवरामला वाटलं. मागच्या चुलीवर भाताचा भलामोठा हंडा चढला होता. इंजन आलं म्हणून केवढं कौतुक! त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नांगरानं तांबडी माती उलथली. कुळव जोडायची वेळ आली तेव्हा तो जागचा उतरलाच नाही. शेवटी फागूनंच कुळव जोडला. ढेकळं फुटली, फाळानं सऱ्या पडल्या, माती पिठासारखी झाली. पण शेवटच्या सरीला इंजनाचं तोंड बांधाला जाऊन टेकलं. देवराम खाली उतरला आणि चार माणसांना हाक मारली. त्यांनी रेटून रेटून इंजन मागं ढकललं. पुन्हा तेच झालं, पुन्हा ढकललं.

"मागं जात नाय व्हय हे?" फागूनं विचारलं.

"जातं. दांडी अडकलीय जरा."

पुतळीनं दांडीकडे बघितलं. मग देवरामच्या तोंडाकडे बघितलं. आणि भात बघायला आत गेली.

काम संपलं तेव्हा इंजन बांधाला नाक लावून उभं होतं. पुतळीनं मूठभर माती उचलली, बोटांत चुरली. "नवशा म्हनायचा तशीच झाली," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "तेलानं माखलायस सगळा. आंघोळ कर. नवशाची कोरी कापडं हायत, ती घाल."

"नको, मावशी. त्याची कशाला?"

"घाल रे. तो काय म्हननार हाय?"

ओटीवर पाट मांडला होता. पानावर भात, उडदाचं वरण, सुकी मासळी. सगळं नवशाच्या आवडीचं. देवराम एकटाच जेवायला बसला, बाकी पाडा बघत राहिला.

"तू जेव की, मावशी. ही माणसंही ताटकळलीत."

"तू खा आधी."

मिरची लागल्याचं निमित्त करून त्यानं डोळे पुसले आणि पान संपवलं. हात धुतल्यावर मात्र त्याचा धीर सुटला.

"मावशी, नवशा—"

"फागू त्या सोमवारी बाजारात होता, त्यानं रातीच येऊन सांगितलं मला," पुतळी शांतपणे म्हणाली. "आज बारावा. त्याच्या जोडीचं कुनी त्याची कापडं घालून जेवल्याबिगर त्याचा जीव वाटंला लागत नाय. म्हनून तुला बोलावला."

पाठीमागं पाडा जेवायला बसला.

"त्याचा पाय घसरला गं, मावशी..."

पुतळी उठली, परसात गेली, इंजनाच्या मागं नेमकी मधोमध उभी राहिली आणि पदर खोचून म्हणाली,

"जेवती मानसं काय ढकलायला उठायची नायत आता. चढ वर, घे मागं. ह्या बारीला बघून घे, पोरा. मी हाय मागं."