झॉम्बीवर उगारलेला हात

साहेब, माझ्या बाबांना ढोंगी ठरवलंत ते तुम्हीच.

तुमच्या कारखान्यातल्या प्रेस मशीनने बाबांचा खांदा निकामी केला, तेव्हापासून उजवा हात छातीच्या वर जात नव्हता. त्यांच्या तरुणपणीचा झॉम्बीचा व्हिडिओ गेम आता टीव्हीसमोर हात फिरवून खेळायचा झालाय. तेवढाच व्यायाम होईल म्हणून मी तो आणला.

“बाबा, चाकू मारा! मानेशी आलाय तो!”

“अगं, हात उठत नाही माझा. फुंकून उडवू का त्याला?”

तेवढ्यात झॉम्बीने झडप घातली आणि घाबरून बाबांचा हात थेट डोक्याच्या वर गेला. मग ते खांदा धरून मटकन खाली बसले, तरी आईने टाळ्या वाजवल्या. मी मोबाइलवर काढलेला तो व्हिडिओ हौसेने व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि तो फिरत फिरत तुमच्या फोनवर पोहोचला. “हात तर ठणठणीत आहे,” म्हणत तुम्ही अपंगत्वाचा भत्ता बंद केलात.

“चला, निदान नोकरी तरी परत मिळेल,” म्हणत बाबा डबा घेऊन तुमच्या केबिनमध्ये आले.



तुम्ही म्हणालात, “असल्या हाताला मशीन कोण देईल?” साहेब, बाबांचा हात बरा झालाय की नाही, एकदा काय ते सांगा.