ड्यूकांची सून

लोरेनला लाज कशी ती ठाऊकच नव्हती. ओठ रंगवून प्रार्थनेला यायची. बायकांत बसून मोठमोठ्यानं हसायची. आणि जेवताजेवता खुशाल म्हणायची, "देवाशप्पथ सांगते!"

दर वेळी तिच्या सासूबाई, आगाताबाई, हातातला डाव आपटायच्या. "मेनोनाइट पंथाच्या घरात शपथ घेत नाहीत! ना देवाची, ना सरकारची. तुझ्या माहेरी घेत असतील."

माहेर मेथडिस्ट, म्हणजे दुसऱ्या चर्चचं, गावातलं, चारचौघांसारखं. धाकट्या मुलानं, कॉर्नीनं, हट्टानं करून आणलेली ही सून.

म्हणूनच त्या संध्याकाळी आगाताबाई सगळ्यांच्या आधी शाळेच्या हॉलमध्ये जाऊन बसल्या. सरकारचा नवा हुकूम निघाला होता. प्रत्येक शिक्षकानं हात वर करून देशाशी इमान राखायची शपथ घ्यायची, नाहीतर नोकरी सोडायची. लोरेन पहिलीला शिकवायची, पोरांवर तिचा जीव. ती हात वर करणार, यात शंकाच नव्हती. तेच डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणजे रविवारी चर्चच्या पायरीवर छातीठोक सांगता आलं असतं, बाहेरची ती बाहेरचीच.

शाळा समितीच्या अध्यक्षांनी शिक्षकांना उभं केलं. हात वर गेले. आगाताबाईंचा भाचा डीट्रिश गणित शिकवायचा. बाप मेनोनाइट चर्चमधला वडीलधारा, पण त्याचाही हात गेला. नजर तेवढी छताला. एकच हात खाली राहिला.

"मिसेस ड्यूक, ऐकू आलं ना?"

"आलं. आमच्यात शपथ घेत नाहीत."

"आमच्यात? अहो, तुमचे वडील दर रविवारी आमच्या चर्चमध्ये माझ्या शेजारी बसतात!"

हॉल हसला.

"बसू देत की. मी ड्यूकांची सून आहे."

"मग उद्यापासून येऊ नका. वर्गाची किल्ली ठेवून जा."

लोरेननं किल्ली ठेवली. सगळ्या माना आगाताबाईंकडे वळल्या.

गाडीत बसल्याबसल्या त्यांचा तोल सुटला. "डोकं फिरलंय का गं तुझं? डीट्रिशनं केला हात वर, आभाळ कोसळलं? घटकाभर उचलला असतास तर पोरं तरी हातची गेली नसती! आता बस रडत."

लोरेन रडतच होती. एका हातानं गाडी सांभाळत, दुसऱ्यानं डोळे पुसत ती म्हणाली, "पण आई, तुम्हीच सांगायचात ना? मला वाटलं, तुम्ही खरंच सांगताय."

आगाताबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. कॅन्ससची गव्हाची शेतं मागे जात राहिली. त्यांचं बोलणं आजवर कुणी इतकं मनावर घेतलेलं त्यांना आठवेना. मुलं समोर माना डोलवायची आणि मग करायचं तेच करायची. आत कुठेतरी त्यांना फार बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा थोडा रागही आला.

फाटकाशी गाडी थांबली. आगाताबाई उतरल्या नाहीत.

"नाक पूस आधी. उद्या त्या पोरांच्या आयांना सांग, वाचायला आमच्याकडे पाठवा म्हणावं. माझं टेबल काही लहान नाही." मग समोर बघतच त्या म्हणाल्या, "पोटची पाच आहेत मला, लोरेन. पण मी वाढवलेलं पोर म्हणशील, तर ते तू एकटीच."