नाव घ्या, बाई

परळी सोडल्यापासून शिवकांताबाईंचं तोंड काही मिटलं नव्हतं.

समोरच्या बाकावरच्या मार्तंड गुरुजींना त्यांनी न विचारता सगळं सांगून टाकलं. आपण उदगीरच्या. मोंढ्यात भुसाराचं दुकान. सासूबाई कडक. घरी दोन म्हशी, त्यातली एक मारकी. गुरुजी नुसते हूं हूं करत होते.

त्यांचं लक्ष बाईंच्या शेजारी बसलेल्या माणसाकडे होतं. कपाळावर विभूतीचे पट्टे, डोक्याला भला मोठा रुमाल, अंगातला कोट दोघं मावतील इतका सैल. तरी गुरुजींनी ओळखलंच. हा रेणुकादास. नांदेडच्या शाळेत त्यांच्याच हाताखाली शिकलेला. निजामाच्या राज्याविरुद्ध सभा घेतल्या म्हणून त्याच्या नावाचं वॉरंट गावोगाव फिरत होतं. सापडला तर जन्माचा तुरुंग, नाहीतर त्याहून वाईट.

यानं लग्न कधी केलं, आणि तेही असल्या बोलघेवड्या बाईशी, हे गुरुजींना कळेना. धरून द्यायला वैरी कशाला हवा? ही घरचीच पुरे होती.

बाईंनी शिदोरी सोडली. भाकरी आणि वर जवसाची चटणी. त्यानं एक घास घेतला मात्र, ठसका लागून डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बाईंनी मुकाट्यानं तांब्या पुढे केला.

लातूर रोडला पोलीस चढले. जमादार एकेकाला नाव, गाव, धंदा, कुठून आलास, कुठं चाललास, सगळं विचारत होता. लोक चाचरत होते. घरादाराची माहिती परक्याला कोण देतं, आणि त्या दिवसांत तर मुळीच नाही. एकजण 'तुम्हाला काय करायचंय' म्हणाला, त्याला दंडाला धरून खाली उतरवलं.

जमादार या बाकापाशी आला तशी रेणुकादासनं मान खाली घातली. 

बाईंना मात्र ऐकणारा मिळाला. त्यांनी दुकान सांगितलं, दुकानाची गल्ली सांगितली, दारातला लिंब सांगितला, सासऱ्यांचं नाव शंकरप्पा हेही सांगितलं. मालकांचा घसा बसलाय, तिखटाशिवाय त्यांना घास उतरत न्हाई, सांगून ऐकत न्हाईत, रात्री घोरतात ते वेगळंच. मारकी म्हैसही निघाली. जमादार कंटाळला.

"खाविंदाचं नाव सांग," तो म्हणाला.

बाईंचा पदर तोंडावर गेला.

"धन्याचं नाव कसं घ्यावं, जमादारसाब?"

डब्यातल्या बायका हसल्या. एक म्हातारी म्हणाली, उखाण्यात घे की, त्याला काय दोष न्हाई. जमादारही हटून बसला. नाव घेतल्याशिवाय गाडी हलायची नाही म्हणाला. गुरुजींनी डोळे मिटून घेतले. या बयेच्या तोंडून आता ते नाव गेलं की खेळ खलास.

"लिंगाच्या पूजेला बेल वाहते वाकून, चन्नबसप्पांचं नाव घेते जमादारसाबांचा मान राखून."

बायकांनी वाहवा केली. जमादार मिशीत हसला आणि पुढच्या बाकाकडे वळला.

गुरुजी बघतच राहिले. चन्नबसप्पा! काय बाई आहे ही! उभ्या उभ्या नाव बनवलं आणि जीभ तसूभर अडखळली नाही. हिला आपण मनात काय काय बोललो, याची त्यांना लाज वाटली. बाईंच्या पाया पडावं असं वाटायला लागलं.

उदगीरला स्टेशनाबाहेर एक छकडा उभा होता. रेणुकादासनं बाईंना वाकून नमस्कार केला, गुरुजींकडे पाहून 'येतो, गुरुजी' म्हणाला आणि छकड्यात चढला. बायकोला नमस्कार करणारा नवरा गुरुजी पहिल्यांदाच बघत होते.

छकडा लांब गेल्यावर ते बाईंजवळ आले.

"धन्य आहात, बाई. नवऱ्यासाठी इतकं सफाईनं खोटं बोलणारी मी पाहिली नव्हती."

"खोटं?" बाईंनी शिदोरीचं फडकं झटकलं. "एक अक्षर खोटं न्हाई, गुरुजी. दुकान, म्हैस, कोट, नाव, समदं आमच्या मालकांचंच. ते बसलेत दुकानावर. उद्या चौकशी आली तर आमच्याच दारात येईल, येऊ द्या."

मग छकड्यामागच्या धुळीकडे बघत त्यांनी विचारलं,

"त्या पोराचं नाव काय हो, गुरुजी?"