काचेवरची नूपुर

सुंदराबाईने गिरणीत सूत गुंडाळले, तिच्या मालनने कामगारांची खानावळ चालवली, मालनच्या कालिंदीने पालिकेच्या शाळेत मुले घडवली. तिघींपैकी एकीनेही चाळीत कधी मान खाली घातली नाही. कालिंदीची नूपुर मात्र आज करी रोडच्या त्या दुकानात आपल्याच चित्राशेजारून मान खाली घालून शिरली.

दुकान प्रफुल्लचे. समुद्रात खोल बुडी मारायची साधने तो विकत असे. दुकानाच्या काचेवर पुरुषभर उंचीची नूपुर चिकटवलेली होती. अंगावर दोन चिंध्या आणि उघड्या पाठीवर हवेचा सिलिंडर. खरी नूपुर मुलींना तारकर्लीला नेऊन बुडी शिकवत असे, मानेपासून घोट्यापर्यंत रबरी पोशाख चढवून.

"पद्मजाताईंनी त्यांच्या अक्षताचं नाव माझ्या वर्गातून काढून घेतलं," ती म्हणाली. "म्हणाल्या, पोरीला शिकवणाऱ्या बाईंच्या हाती देणार होते, काचेवरच्या बाईच्या नाही."

"एक गेली तर गेली गं. बाहेर बघ, माणसं थांबतात!"

"थांबतात. आत कोण येतं?"

तेवढ्यात दोन तरुण दारातून डोकावले. "शेठ, ही मॅडम पण पाण्यात बरोबर येते काय?" एकाने विचारले. दोघे खिदळले, काचेला गाल लावून फोटो काढला आणि निघून गेले. दुकानातल्या सिलिंडरांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. शेजारी उभ्या असलेल्या, अंगभर कपड्यांतल्या नूपुरला त्यांनी ओळखलेही नाही.

प्रफुल्लने घसा खाकरला. "आणखी एकच फोटो दे. जरा... मोकळा. नाहीतर दुकान बसलंच म्हणून समज."

तिने मानेनेच नकार दिला.

"पाण्याखाली तुझी हवा संपली, तेव्हा स्वतःच्या तोंडातली नळी काढून कोणी दिली होती तुला?"

नूपुरने मान वर केली. "तूच. दोन श्वास मला, दोन तुला, असं करत वर आणलंस. म्हणून तर त्या कॅमेऱ्यापुढे उभी राहिले. पण गणपतीपासून या काचेवर मी पोट आत ओढून, श्वास कोंडून उभी आहे रे. एकटीच."

तिने चित्राचा कोपरा नखाने उचलला आणि वरपासून खालपर्यंत ते सोलून काढले. प्रफुल्ल जागचा हलला नाही. गुंडाळी त्याच्या पुढ्यात ठेवून ती म्हणाली,

"मोजून घे. तुझा एकही श्वास आता माझ्याकडे उरलेला नाही."