चांगली केबल

बोलता बोलता थोरलीचा चेहरा पुन्हा ठिपक्याठिपक्यांचा झाला. मग टीव्ही काळा पडला. लॅपटॉपमधून आवाज मात्र येतच होता. "आई, ऐकू येतंय ना? जेवलीस का?"

"ऐकू येतंय गं, दिसत नाहीयेस." आईने स्वयंपाकघराकडे मान वळवली. "अहो, गेलं बघा परत!"

बाबा हात पुसत आले. टीव्हीमागची केबल काढली, फुंकर मारली, परत खुपसली. चित्र आलं, पण रांगोळीवर पाणी पडावं तसं.

"चालतंय की," म्हणून ते आत वळले.

"तुम्हीही बोला ना तिच्याशी दोन शब्द."

"तुझं होऊ दे. मग बघू."

आत नळ सुरू झाला. ते 'मग' कधी यायचंच नाही.

मुली जुळ्या. थोरली मोठी ती काही मिनिटांनीच. दोघी दूरच्या देशात, एकाच शहरात नोकरीला. रविवारी सकाळी धाकटी फोन करायची, दुपारी थोरली. कामाच्या पाळ्या वेगळ्या, त्यामुळे दोघी एकदम कधी सापडत नसत. लॅपटॉपवरचं बारीक चित्र आईला धड दिसायचं नाही, म्हणून ते केबल जोडून टीव्हीवर घ्यायचं ठरलं होतं. धाकटीशी बाबांच्या गप्पा संपता संपत नसत. थोरलीची वेळ झाली की मात्र त्यांना भांडी आठवायची. परदेशी जायचं खूळ आधी थोरलीचं. तिनेच धाकटीला मागून ओढून नेलं. बापाचा तो राग अजून निवला नाही, असं आईच्या बहिणीचं ठाम मत होतं.

तरी थोरलीने घर बदललं तेव्हा सामान लावून द्यायला बाबाच गेले होते. आईच्या हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. दगदग नको, जिवाला घोर नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून बहीण सोबतीला येऊन राहिली. बाबा परतले ते निम्मे होऊन. "तिकडचं पाणी मानवलं नाही," एवढंच म्हणाले.

फोन संपल्यावर आईने विषय काढला. "चांगली केबल आणा हो एक. नवीन निघाल्यात म्हणे, महागातल्या."

"दुकानदारांची सोंगं सगळी. तार ती तारच. टेलिफोन खात्यात हयात गेली माझी, वायरींचं मला नको शिकवूस."

"मग साधी तरी आणा. पण नवी."

"आहे ती चालतेय ना?"

"मुली दिसत नाहीत मला."

बाबांनी टीव्हीवरून फडकं फिरवलं. खरं तर पुसण्यासारखी धूळ नव्हतीच. शेजाऱ्यांचे पंखे नि मिक्सर फुकटात दुरुस्त करून देणारा हा माणूस. एका केबलपायी असा चेंगटपणा करील, हे कुणाला सांगूनही पटलं नसतं.

शेवटी आई स्वतःच दुकानात गेली. जुनी केबल पिशवीत घालून, दर वळणावर दम खात. दुकानातल्या बाईने केबल यंत्राला लावून पाहिली.

"काकू, ही आतून तुटलीय. कुणी पिळून पिळून वाकवली का?"

"जुनी आहे," आई म्हणाली. "महागातली घेतली तर जास्त स्पष्ट दिसेल?"

"माझाच धंदा बुडवते, पण नाही. चित्र एक तर नीट पोचतं, नाही तर ठिपके पडतात, अडकतं. सोन्याचा मुलामा दिला म्हणून माणूस गोरा दिसत नाही. वायर लांब ओढायची असेल, टीव्ही अगदी नव्या धाटणीचा असेल, तर वरची घ्यावी. तुम्हाला ही साधी रग्गड झाली."

"डोळ्यांखालचं काळं दिसेल हिच्यात?"

बाई हसली. "सुरकुतीन्‌सुरकुती दिसेल. मग तक्रार घेऊन येऊ नका."

"नाही येणार," आई म्हणाली. ती हसली नाही.

रविवारी धाकटीचा फोन जुन्याच केबलवर झाला. नंतर बाबा औषधं आणायला गेले, तेव्हा आईने खुर्ची सरकवली, टीव्हीमागे हात घातला आणि केबल बदलली.

बाबा आले. टीव्हीकडे बघून दारातच थबकले.

"कुणी लावली?"

"मी."

"काढ आधी. ही आपल्या टीव्हीची नाही, जळेल टीव्ही." ते पुढे झाले. तेवढ्यात लॅपटॉप वाजला. आईने बटण दाबलंसुद्धा.

पडदाभर चेहरा उमटला. एक ठिपका नाही. थोरली बांधायची तसे मागे घट्ट बांधलेले केस, सुकलेले ओठ, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"आई, कशी आहेस? जेवलीस का?"

आई बघतच राहिली. बाबा घाईघाईने म्हणाले, "नेट जातंय वाटतं. ठेव, नंतर बोलू."

आईने त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना आपल्या शेजारी बसवलं.

"आई? काय झालं? अशी काय बघतेस?"

"किती वाळलीस गं," आई म्हणाली. "धाकटे, थोरली गेली ते मला केव्हाच कळलंय. तिच्या वाटचं तू आणखी किती दिवस बोलणार, बाळा?"