बारावा चौकोन

कात्री हातात धरून ती पाच मिनिटं तशीच बसली होती. समोर जमिनीवर नारिंगी टी-शर्ट, छातीवर शर्यतीचा क्रमांक, आणि त्यावर बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापलेला चौकोनी साचा.

"काप की," आई म्हणाली. "चावत नाही तो."

"बाबांचा आहे गं. धीर होत नाही."

आईने मान खाली घातली आणि इस्त्री पुढे सरकवली.

टी-शर्ट एकूण अकरा. एकोणीस वर्षं ते कपाटावरच्या पेटीत घड्या घालून पडले होते. बाबा तिच्या जन्माआधीच गेले. फोटो एकच, तोही धूसर. चार वर्षांची असताना तिने खाली काढलेल्या पेटीत डोकं खुपसून विचारलं होतं, "हे बाबांचे?" आईच्या डोक्यावर तेव्हा लोकांच्या कपड्यांचं गाठोडं होतं. ती "हं" म्हणाली. तेव्हापासून ती पेटी म्हणजेच तिचे बाबा.

सोमवारी ती नर्सिंगच्या हॉस्टेलवर जाणार होती. आईला सोडून आजवर ती एक दिवसही कुठे राहिली नव्हती. परक्या खोलीत झोपताना बाबा अंगावर हवेत, एवढं एकच तिने ठरवलं होतं.

गोधडी तिने जन्मात शिवली नव्हती. घरात मशीन नव्हतं, आणि टी-शर्टचं कापड महा नाठाळ. कापलं की कडा गुंडाळतात, ओढलं की चौकोनाचा पतंग होतो. मागून चिकटवायचं अस्तर बाजारात मिळतं, पण भाव ऐकून तिने तिथूनच हात जोडले. मग जुनी चादर फाडली आणि प्रत्येक चौकोनामागे तिचा एकेक तुकडा कच्च्या टाक्यांनी टाचला. आत भरायला विरलेलं ब्लँकेट. सुई टोचू नये म्हणून बोटाला चिकटपट्टी.

दोरा कोपऱ्यावरच्या सुई-दोऱ्याच्या दुकानातला. दुकानदाराला सगळे ड्रायव्हरकाका म्हणत, कारण पाठ कामातून जाईपर्यंत त्यांनी बस चालवली होती. तिने एक रीळ मागितलं की दोन देत, आणि तिने पर्स उघडली की "आईची तब्येत कशी आहे?" म्हणून विषयच बदलत.

शिवता शिवता तिला बाबा दिसत गेले.

"आई, बाबा शर्यतीत पळायचे. फुटबॉल खेळायचे, नऊ नंबर. पेट्रोल पंपावर काम केलं. हा बघ, याच्यावर रंगाचे शिंतोडे, म्हणजे रंगकामही केलं. आणि हा गाण्याच्या ग्रुपचा! सगळं कसं जमवलं असेल गं?"

"मलाही अजून नवलच वाटतं," आई म्हणाली.

"पण हा बघ, यात मी दोनदा मावेन. आणि हा तर मलाच घट्ट होतो."

आई काही बोलायच्या आत तिनेच निकाल लावून टाकला. "लग्नानंतर सुटले असणार. सगळेच सुटतात."

आई इतकी हसली की इस्त्री बाजूला ठेवावी लागली. मग तिने पदराने डोळे पुसले.

जवळजवळ प्रत्येक टी-शर्टवर कुठे ना कुठे एक जुनाट तपकिरी डाग होता. आई लॉन्ड्रीत कामाला, डागांचा कर्दनकाळ म्हणून प्रसिद्ध. तरी हे डाग तसेच होते.

"चहा फार सांडायचे वाटतं बाबा," ती म्हणाली. "डाग सोडून कापते."

"नको." आई पटकन उठून आली. "डाग राहू दे. तो मध्ये येईल असंच काप."

बाबांच्या हातून सांडलेला चहासुद्धा आईला हवा आहे, असं तिला वाटलं आणि तिने साचा सरकवून डाग बरोबर मध्ये घेतला.

शनिवारी सकाळी अकरा चौकोन जोडून झाले. टाका कुठे मुंगीएवढा, कुठे झुरळाएवढा. पण गोधडी जमिनीवर अंथरली आणि ती तोंडावर हात ठेवून उभीच राहिली. केवढा माणूस होता आपला बाप! एका जन्मात अकरा जन्म जगून गेला होता. आपण त्याच्या पोटच्या, यावर तिचा विश्वास बसेना.

फक्त तीन-तीनच्या चार ओळींत शेवटचा कोपरा रिकामा राहिला होता.

"बारावा नाहीच का गं?"

आईने गोधडीची घडी घालून तिच्या हातात दिली. "ड्रायव्हरकाकांकडे घेऊन जा. मी त्यांना सांगून ठेवलंय."

काकांनी आधी हात धुऊन पुसले, काउंटरवरचे बटणांचे डबे खाली उतरवले आणि मग गोधडी अंथरली. चष्म्याची काच त्यांना दोनदा पुसावी लागली. मग ते एकेका चौकोनावर हात ठेवत गेले.

"हा माझ्या मागच्या सीटवरचा, लंगडत चढला होता. हा पंपावरचा. आणि हा जाडा! याच्या अंगातून काढायला दोघांना ओढावं लागलं."

"काका, हे सगळे बाबांचे आहेत," ती म्हणाली.

काकांनी हळूच नकारार्थी मान हलवली. खालच्या खणातून त्यांनी एक खाकी शर्ट काढला. जुना, पण कडक इस्त्रीचा, एकही डाग नसलेला. तो त्यांनी रिकाम्या कोपऱ्यावर ठेवला.

"तुझ्या आईला बसमध्येच कळा सुटल्या. दवाखाना तासभर लांब, पहाटेची थंडी. तू गाडीतच झालीस, रक्ताने माखलेली, निळी पडत चाललेली. गाडीत अकरा प्रवासी होते, कोणी कोणाच्या ओळखीचं नाही. अकराही जणांनी अंगातला काढून तुला गुंडाळलं," ते म्हणाले. "माझाच तेवढा द्यायचा राहिला, पोरी. मी गाडी चालवत होतो."