भूतबंगल्याची चाचणी

“जयाबाई, तू तरी पहिल्या डब्यात बसू नको गं,” रायाप्पा पुन्हा म्हणाला.

“का? माझं वजन झेपत न्हाय व्हय तुमच्या नव्या गाडीला?” जयाबाईनं पदर खोचला आणि रचनाच्या शेजारी ठाण मांडलं. मागच्या डब्यांत बसलेल्या तिच्या बिडी कारखान्यातल्या बायका खदखदून हसल्या. रायाप्पाला मात्र हसू येईना.

निपाणीजवळ हायवेला लागून असलेल्या त्याच्या करमणुकीच्या पार्कातला जुना भूतबंगला एका रविवारी जळाला होता. आत प्लायवूड, काळे पडदे आणि आतल्या बाजूला उघडणारं एकच दार. माणसं त्या दारावर कोसळली, तरी कशीबशी सगळी बाहेर आली. राहिली ती फक्त त्याची नात रचना, तेव्हा एवढीशी पोर. पोरांना फिरवायला आलेली जयाबाई डोक्यावर ओला पदर घेऊन परत आत घुसली आणि तिला काखेत मारून बाहेर आली.

तेव्हापासून रायाप्पाच्या घरातलं एकही शुभकार्य जयाबाईच्या पाया पडल्याशिवाय सुरू झालं नाही. ती बिचारी संकोचून जायची. “अण्णा, देवालाबी एवढं छळत न्हाईत कोण,” म्हणायची. पण उपकार असे असतात की ते फेडायचे नसतात, नुसते मिरवायचे असतात, आणि रायाप्पा ते गावभर मिरवायचा.

आता भूतबंगला नव्यानं उभा राहिला होता. सांगाडा लोखंडी, पडदे आग न धरणारे, दारं बाहेर उघडणारी, आणि आतून फिरणारी ही डब्यांची गाडी. धूर लागला की घंटा वाजणार, गाडी थांबणार, छतातून पाणी सुटणार. तरी तपासणीला बेळगावहून आलेले अग्निशमन खात्याचे नागेंद्र साहेब अडून बसले होते.

“लोखंड मी तपासलं. माणसं कशी पळतात ते कुठं तपासलंय? खरी माणसं बसवा, धूर सोडा, मग बघू. आणि धूर कधी सुटणार, ते इथं कुणाला कळता कामा नये. मलासुद्धा.”

धुराचं काम रायाप्पाच्या पुतण्याकडं, अरिहंतकडं होतं. त्याचा लग्नमंडपाचा धंदा. नवरा-नवरी स्टेजवर येताना पायाशी ढगासारखा धूर सोडतात, ते त्याचं मशीन. तो संकेश्वरहून येणार होता आणि उसातल्या वाटेनं परस्पर मागच्या खिडकीशी जाऊन, वाटेल तेव्हा धूर सोडणार होता.

रायाप्पानं मनाशी एक ठरवलं होतं. आज एक जरी माणूस आत अडकलं, तर सगळी गाडी कोल्हापूरच्या भंगारात. परत त्या दारासमोर उभं राहून नातीच्या नावानं हाका मारायची त्याच्यात ताकद नव्हती.

तेवढ्यात त्याची बायको राजमती पूजेचं ताट घेऊन आत गेली. आत बसवलेल्या, गाडी ओढणाऱ्या नव्या मोटारीची ओटी भरल्याशिवाय ती कुणालाही गाडीत बसू देणार नव्हती, पण बायका आधीच बसल्यामुळे तिची धांदल उडाली. खण, नारळ, हळदकुंकू, दिवा, सगळं कसं रीतसर. राजमतीचं हे असंच. घरातला दिवासुद्धा तिनं जन्मात कधी फुंकरीनं विझवला नव्हता.

ती रिकामं ताट घेऊन बाहेर आली.

“आवरलं का, आक्का?” नागेंद्र साहेबांनी घड्याळ बघत विचारलं.

“झाली की पूजा,” राजमती म्हणाली. “आता देवाच्या हवाली.”

साहेबांनी सगळ्यांचे फोन तिकीटखिडकीत ठेवायला लावले. गाडी सुटली. एक फेरी झाली, दुसरी झाली. बायका आतल्या सांगाड्यांना नावं ठेवत होत्या, एकीनं तर त्यात आपल्या सासूला ओळखलं. तिसऱ्या फेरीला गाडी आत वळली आणि दाराच्या फटीतून काळपट धूर बाहेर आला.

घंटा घणघणली. गाडी थांबली. दारं धाडकन बाहेर उघडली. धुरातून एकेक बाई बाहेर यायला लागली, डोळे पुसत, खोकत, पण एकमेकींचा हात धरून. शेवटी जयाबाई आली. या खेपेला तिला रचना धरून आणत होती.

आत पाण्याचा सपकारा सुरू होता. धूर विरळ झाला आणि थांबला.

नागेंद्र साहेबांनी माणसं मोजली, आणि सकाळपासून पहिल्यांदाच ते हसले. “पास! काका, असं राज्यात कुठं बघितलं न्हाय मी.”

रायाप्पानं भर उन्हात जमिनीवर डोकं टेकलं. मग जयाबाईच्या पाया पडायला गेला. ती दोन पावलं मागं सरली.

“ऱ्हाऊ द्या अण्णा. पर तुमचा अरिहंत लई बेरकी हाय हं! नुसता धूर न्हाय, तोंडाला धगबी लागली की आत.”

“कामाला वाघ हाय तो,” रायाप्पा म्हणाला. त्याचा ऊर भरून आला होता. रचना समोर उभी होती, भिजलेली, हसत. देवाचे, साहेबांचे, बायकांचे, सगळ्यांचे आभार मानून झाले होते, एकटा अरिहंत राहिला होता. पोरगं आभाराला लाजून पुढं येत नसेल.

त्यानं तिकीटखिडकीतून आपला फोन घेतला. त्यावर अरिहंतचेच कितीतरी मिस कॉल होते. त्यानं उलट फोन लावला आणि पलीकडून ‘हॅलो’ यायच्या आत बोलायला सुरुवात केली.

“अरिहंत, जिंकलास लेका! काय धूर सोडलास रं! तुझे उपकार मी जन्मभर इसरणार न्हाय बघ.”

“कसला धूर, काका?” अरिहंत म्हणाला. “मी अजून तवंदीच्या घाटातच अडकलोय, मशीन माझ्या गाडीत हाय.”